वरच्या खोलीचं परमिट

नाशिकच्या सिडकोतल्या माझ्या भाड्याच्या खोलीच्या दाराला जवळजवळ पाच वर्षं एक पत्र्याची पाटी लटकत होती. लाल पाटी, पांढरी अक्षरं : 'माणसं कामावर आहेत. स्विच लावू नये.' नव्या पोस्टमनला वाटायचं, आत वायरिंगचं काम निघालंय. शेजारच्या वहिनींना वाटायचं, पोरगी जरा सटकलेली आहे. सटकलेले खरं तर आमचे घरमालक होते, आणि हे मी प्रेमानंच म्हणतेय.

सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची, म्हणून मीही नानाच म्हणत आले. वीज मंडळाच्या सबस्टेशनवर ऑपरेटर म्हणून अख्खी नोकरी करून ते निवृत्त झाले होते. मूर्ती लहान, आवाज मोठा आणि डावा हात कायम खिशात. चालू वायरीजवळ काम करताना एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे करंट छातीतून जात नाही, असा जुन्या लोकांचा नियम आहे. नोकरी संपली तरी नानांचा हात काही बाहेर आला नाही. देवाला नमस्कारसुद्धा एकाच हातानं. घरमालकीण काकू चिडल्या की ते म्हणायचे, "समई चालूच हाय ना? मग!"

मी सटाण्याकडची. बी.ई. इलेक्ट्रिकल होऊन अंबडला कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका कारखान्यात टेस्टिंगला लागले, तेव्हा नव्वदीचं दशक संपत आलं होतं. खोली बघायला गेले तर नानांनी ना जात विचारली, ना पगार. विचारलं, "मेन स्विच कुठं हाय ते बघितलं का येताना?" मी म्हटलं, जिन्याखाली, डावीकडे. "खोली तुझी," म्हणाले.

निवृत्त होताना नानांनी दोनच गोष्टी आणल्या होत्या : एक जुनी पाटी आणि मंडळानं फॉर्मचा नमुना बदलल्यामुळे रद्दीत निघालेली परमिट बुकं. सबस्टेशनची पद्धत अशी, की लाइनवर माणसं काम करणार असतील तर ऑपरेटर आधी लाइन बंद करतो, कामावरच्या मुख्य माणसाकडून पाटी लावून घेतो आणि त्याच्याच नावानं परमिट लिहून देतो. काम काय, जागा कोणती, माणसं किती. काम झालं की त्याच माणसानं स्वतः येऊन सही करायची, परमिट परत द्यायचं, स्वतः लावलेली पाटी स्वतः काढायची. मगच लाइन चालू. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर नाही.

घरात याची काय गरज होती ते नाना जाणोत. पण गच्चीवरची टाकी धुवायची असली तरी परमिट निघायचं. काकू झाडू घेऊन टाकीत उतरणार, म्हणून नाना मोटरचा फ्यूज काढून खिशात ठेवणार आणि कागदावर लिहिणार : माणसं एक. एकदा काकू टाकीतून आल्या त्या तडक दळण आणायला गेल्या, सही न करता. नानांना येवल्याला लग्नाला जायचं होतं. ते फ्यूज खिशात घालून लग्नाला गेले. आम्ही दोन दिवस शेजाऱ्यांकडून बादल्यांनी पाणी भरलं. परत आल्यावर काकूंनी जे काय सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. नाना शांतपणे म्हणाले, "मला काय ठाऊक तू बाहेर आली का नाय. दळणाच्या डब्यानं सांगितलं असतं का मला?"

आणि ती मोजदाद! "आत किती? बाहेर किती?" हे त्यांचं पालुपद होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नाना दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि बायका मोजायचे. एकदा तेवीस आल्या आणि बावीसच गेल्या. नाना बेचैन. पलंगाखाली वाकून बघितलं. शेवटी मीच म्हटलं, "नाना, मी वर राहते. मी बाहेर कशाला जाईन?" तर म्हणतात, "मग येताना सांगायचं ना, मुक्कामाला हाय म्हणून."

हसायचो आम्ही. मीही हसायचे. त्या हसण्याची मला आज लाज वाटते, पण तेव्हा काही माहीत नव्हतं.

मला एम.ई. करायचं होतं. कारखान्यात टेस्टिंगला मला ठेवलेलं, डिझाइनला मात्र पुण्याहून आलेला एम.ई. झालेला मुलगा. तो चुका करायचा, मी त्या शोधायचे आणि शाबासकी त्यालाच. नोकरी सांभाळून संध्याकाळी करण्यासारखा तीन वर्षांचा अभ्यासक्रम नाशकातच होता. मी प्रवेशाची पुस्तिका आणली. ती नानांनी माझ्या हातातून घेतली आणि लाल पेन्सिल घेऊन तीन संध्याकाळी वाचली. बी.ई.ला पहिला वर्ग. कंपनीचं शिफारसपत्र. संध्याकाळी वेळेवर सोडू, असं कंपनीचं हमीपत्र. सहा सत्रं, एक सेमिनार, मग प्रबंध, त्याचे दोन टप्पे.

"नाना, एवढं काय वाचताय? ॲडमिशनचे नियम आहेत ते."

"परतेक नियमामागं एक मेलेला माणूस असतो, पोरी. त्याशिवाय कुणी नियम करत नाय."

"इथं कोण मरणार आहे?"

"कुणाचं तरी वरीस मेलेलं असतं," म्हणाले आणि दोन ओळींखाली रेघ ओढली. एक : नोंदणीपासून पाच वर्षांत प्रबंध सादर न केल्यास नोंदणी आपोआप रद्द होईल. दुसरी : अर्जाच्या अंतिम तारखेला पूर्ण दोन वर्षांचा अनुभव आवश्यक.

माझे नऊ दिवस कमी पडत होते.

नऊ दिवस! आमचे पर्सोनेलचे साहेब भले माणूस. म्हणाले, "पत्रावर रुजू झाल्याची तारीख पंधरा दिवस मागची टाकून देतो, कोण बघतंय?" मी आनंदानं घरी येऊन सांगितलं. नानांचा चेहरा असा झाला की मी घाबरले. "लाइन चालू असताना बंद हाय म्हणून सही करणार तो," ते म्हणाले, "आन् खांबावर चढणार तू."

मी भांडले. रडले. तुम्ही माझे बाप आहात का, असंही म्हणाले. ते पत्र मी घेऊ शकले असते, कुणी हात धरला नव्हता. पण त्या वाक्यानं माझा हातच उचलेना. ते वर्ष गेलं. आठ दिवस मी नानांशी बोलले नाही. ते रोज संध्याकाळी जिन्याच्या तळाशी उभे राहून मोठ्यांदा म्हणायचे, "वर एक!" म्हणजे मी घरी पोचले, एवढं ते स्वतःशी टिपून घ्यायचे.

पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. त्या संध्याकाळी नानांनी पेढा खाल्ला, चष्मा पुसला आणि परमिट बुक उघडलं. काम : एम.ई. इलेक्ट्रिकल. जागा : वरची खोली. माणसं : एक. माझी सही घेतली आणि पाटी माझ्या हातात दिली. "तुझ्या हातानं लाव. लावील त्यानंच काढायची."

तेव्हापासून कॉलेजचे तास नसतील त्या संध्याकाळी सात ते दहा माझ्या दारावर कुणी थाप मारायची नाही. एकदा माझी आई गावाहून न कळवता आली, तर तिला नानांनी पावणेदोन तास खाली बसवून ठेवलं. चहा, पोहे, पुन्हा चहा. मी दहाला खाली आले तर आई फणकारली, "पोरले भेटाले बी चिठ्ठी लागस का?" पण जाताना काकूंच्या कानात म्हणाली की आता मला पोरीची काळजी नाही.

पहिली दोन वर्षं बरी गेली. सेमिनार झाला. प्रबंधाला मी ट्रान्सफॉर्मरमधला बिघाड आधी ओळखण्याचा विषय घेतला, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये माझ्या प्रयोगाची जुळणी सहा महिने खपून उभी केली.

आणि मग मी ती चूक केली. करंट मोजायला जो छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, सीटी म्हणतात त्याला, त्याची मीटरकडची टोकं सप्लाय चालू असताना कधीही मोकळी सोडायची नसतात. सोडली तर तिथं जीव घेण्याइतका विजेचा दाब उभा राहतो. पहिल्या वर्षाचं पोरगंही हे सांगेल. मी टेस्टिंगची बाई! घाईत मीटर बदलायला मी तार काढली, सप्लाय बंद आहे असं धरून. तो चालू होता. फाडकन आवाज झाला, धूर झाला, सहा महिन्यांचं काम जळालं. त्याचं मला काही वाटलं नसतं. पण लॅबमधला अटेंडंट पलीकडून मला पकड द्यायला वाकला होता, आणि त्याचा हात त्या टोकापासून वीतभर लांब होता. तो घाबरून हसला. मी घरी येऊन उलटी केली.

त्यानंतर मी लॅबमध्ये गेले नाही. कुणाला काही सांगितलं नाही. नानांना म्हटलं, सध्या सुट्टी आहे. पहिलं स्थळ सिन्नरचं आलं, तिथल्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा मुलगा. मी लगेच हो म्हटलं. नवरा चांगला निघाला हा माझ्या नशिबाचा भाग, माझ्या अकलेचा नाही.

लग्नाच्या आधी मी सामान आवरून किल्ली द्यायला खाली गेले. नानांनी किल्ली घेतली नाही.

"काम झालं?"

"नाही. सोडलं."

त्यांनी परमिट काढून माझ्यासमोर धरलं. "सोडलं असा रकाना नाय याच्यात. काम झालं, माणसं बाहेर आली, सही. एवढंच हाय."

"नाना, हे तुमचं सबस्टेशन नाही!" मी ओरडलेच. काकू आतून धावत आल्या.

नानांनी परमिट खाली ठेवलं. मग त्यांनी सांगितलं. जेवणाची वेळ विचारावी इतक्या साध्या आवाजात. त्यांच्या नोकरीचं चौथं वर्ष. लाइनवर दोघं होते. त्यातला मोठा लाइनमन म्हणजे नानांना काम शिकवणारा माणूस, नाना त्याला दादा म्हणायचे. परमिट त्याच्याच नावाचं. दुपारी फोन आला, काम झालं, माणसं खाली आहेत, सोडा. फोन दादाचा नव्हता, जोडीदाराचा होता. तो स्वतः खाली उतरला होता. त्याला वाटलं दादाही उतरले. नानांनी वहीत वेळ लिहिली आणि लाइन चालू केली.

"चौकशी झाली. मी सुटलो," नाना म्हणाले. "तेव्हा फोनवर परमिट परत घ्यायची पद्धत होती. नियमात बसत होतं समदं. नंतर नियम बदलला. दोन आत गेलते, पोरी. मी विचारलंच नाय, बाहेर किती आले."

मी काकूंच्या शिलाई मशीनवर किल्ली ठेवली आणि निघून आले. त्या वेळी त्यांच्या पाया पडायला हवं होतं. मी माझ्याच लाजेत इतकी बुडाले होते, की दुसऱ्याचं दुःख समोर उभं असून मला दिसलं नाही.

सिन्नरला दर दोन महिन्यांनी एक पोस्टकार्ड यायचं. मजकूर एकच : 'वरची खोली बंद आहे. परमिट चालू आहे. जावईबापूंना नमस्कार.' नवरा पहिल्यांदा हसला, मग विचारू लागला, मग एक दिवस म्हणाला, "अगं, जाऊन तरी ये."

मुलगी दहा महिन्यांची झाली तेव्हा तिला दाखवायला म्हणून गेले. जिना चढले. पाटी तशीच होती. आत टेबल पुसलेलं, भिंतीवर चालू वर्षाचं कॅलेंडर, माझ्या वह्या फडक्यात बांधलेल्या. काकू म्हणाल्या, "पुतण्याला खोली पायजे होती, तर हे म्हणे आत माणूस हाय. मी म्हटलं, अहो, पोरगी सिन्नरला नांदती. तर म्हणे, कुणी सांगितलं? ती आली का सांगाया?"

तेव्हा मी नानांसमोर बसले आणि पहिल्यांदा ते सगळं सांगितलं. सीटी, धूर, तो वीतभर लांब असलेला हात. नानांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मेला का?"

"नाही."

"बोट गेलं एखांदं?"

"नाही, नाना."

"मग तुझा माणूस हाय अजून," ते म्हणाले. "तुला जाता येतंय त्याच्याकडं. तोंड दाखवता येतंय. मी कुणाकडं जाऊ?"

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये गेले. अटेंडंटनं मला बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "मॅडम! किती दिवसांनी! ती तुमची जळकी सीटी मी कपाटात जपून ठेवलीये. दरवर्षी नव्या पोरांना दाखवतो, बघा, असं करायचं नसतं म्हणून." मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "माझंच चुकलं, मी न विचारता हात घातला." एवढ्यासाठी मी जवळजवळ दोन वर्षं तोंड लपवून बसले होते.

पाच वर्षांची मुदत संपायला सात महिने उरले होते. कागदपत्रं चाळताना मार्गदर्शक सर म्हणाले, "जमेल असं वाटत नाही, पण नियमात बसतंय." मी नोकरी कधीच सोडली होती. रोज सकाळी मुलीला कडेवर घेऊन सिन्नरहून जीपनं नाशकात द्वारका चौकात उतरायचं, तिथून सिडको, पोरगी काकूंच्या हवाली, मी लॅबमध्ये. दुपारी परत वरच्या खोलीत लिहायला. परतीची जीप सुटायच्या आधी नाना खालून ओरडायचे, "वेळ झाली!" नव्या जुळणीत पहिल्यांदा सप्लाय लावायचा होता त्या दिवशी ते लॅबमध्ये माझ्यासोबत आले. मी म्हटलं, "नाना, तुम्ही एकदा सगळं तपासा ना." ते भिंतीशी उभे राहिले, डावा हात खिशात. "जोडलं तू. तपासायचंही तूच." मी तीनदा तपासलं. मग अटेंडंटला विचारलं, "हात कुठे आहेत?" त्यानं दोन्ही हात वर करून दाखवले. मग स्विच लावला.

मुलगी त्या वरच्या खोलीत, माझ्या पसरलेल्या आलेखांवरूनच चालायला शिकली. प्रबंधाच्या कच्च्या प्रतीत एका पानावर तिचा तूप लागलेला पाय उमटला आहे. ते पान मी अजून ठेवलंय.

प्रबंधाच्या चार प्रती द्यायच्या होत्या. काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, प्रत्येकीवर सरांची सही. मुदतीला सहा दिवस राहिले असताना मी त्या कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीवर दिल्या. महिनाभरात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, हा मोजमापाच्या सुरक्षिततेचा वेगळा अध्याय कशासाठी? मी म्हटलं, "सर, त्याच्यामागे एक माणूस आहे. वाचलेला." त्यांना काय कळलं कोण जाणे, पण ते हसले, आणि मी पास झाले.

कॉलेजातून थेट सिडकोत आले. नाना खाली परमिट बुक उघडून, चष्मा लावून वाटच बघत बसले होते. गेल्या पावसाळ्यापासून त्यांची तब्येत खालावली होती, पेन धरताना हात कापायचा. मला बसू दिलं नाही.

"काम झालं?"

"झालं, नाना."

"पाटी?"

मी वर गेले. पाटीची दोरी इतक्या वर्षांत खिळ्याला चिकटून बसली होती, नखानं सोडवावी लागली. मुलगी आत काकूंजवळ खेळत होती. मी पाटी घेऊन वळले तशी तीही माझ्यामागे आली. कडेवर घेऊ दिलं नाही. बसून बसून, एकेक पायरी उतरत, स्वतःच्या पायांनी ती नानांसमोर येऊन उभी राहिली.

नानांनी परमिटावर बोट ठेवलं. "आत किती गेले?"

"एक," मी म्हटलं.

"बाहेर किती आले?"

मी बोलायच्या आधी त्यांची नजर खाली गेली. ते तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. जन्मभर मोजणाऱ्या माणसानं बोटानं हवेत आम्हाला मोजलं. एक. दोन. आणि डावा हात खिशातून बाहेर आला. चष्मा काढून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि लहान मुलासारखे रडायला लागले. काकू जिन्यातच थांबल्या. मीही रडत होते, आणि पोरगी नानांचा गुडघा धरून आम्हा दोघांकडे बघत होती.

बऱ्याच वेळानं त्यांनी पेन उचललं. ते परमिट आता माझ्याकडे आहे. नाना गेल्यावर काकूंनी बोलावून दिलं. पदवीचं प्रमाणपत्र फाइलमध्ये आहे, हे मी काचेत लावून घेतलंय. कापऱ्या अक्षरात लिहिलंय : 'काम पूर्ण. आत गेले, एक. बाहेर आले, दोन. लाइन चालू करण्यास हरकत नाही.' आणि खाली नानांची सही.